सातवा मजला आणि आठ देवघरे

घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने काय वाटेल ते उघडावे. न्हाणीघर उघडावे, माळा उघडावा, मागच्या अंगणातल्या विहिरीवरचे झाकण काढून आत वाकून बघावे. फक्त बैठकीच्या खोलीतले ते काळे, चकचकीत, दोन दारांचे कपाट तेवढे उघडू नये. आणि तोकिएच्या वीस वर्षांच्या अनुभवात ते न उघडणारे गिऱ्हाईक अजून जन्माला आले नव्हते.

"अय्या, यात काय आहे?" म्हणत तोक्योहून आलेल्या बाईने दोन्ही दारे उघडली. आत सोनेरी वर्ख, काजळी धरलेली दिवली आणि ओळीने उभ्या सात पाट्या, एकेका पाटीवर एकेका मेलेल्या माणसाचे नाव. वर भिंतीवरच्या फोटोतून म्हातारे उचिउमी बाईकडे असे बघत होते, जणू ती चपला घालूनच आत आली आहे.

"हे कोण?"

"मालक," तोकिए म्हणाली आणि घाईघाईने पुढे जोडले, "म्हणजे आधीचे. हे त्यांच्या पितरांचं देवघर."

"पण घर घेतल्यावर हे इथून हलवणार ना?"

"हलवू की. त्यांच्या मुलाला विचारून."

"मुलगा कुठे असतो?"

"ओसाकाला. नऊ वर्षं झाली विचारतेय."

बाईने दारे हळूच लावली, फोटोला नमस्कार केला आणि दीडच्या बोटीने परत गेली.

कोनागी बेटावर घरांचे व्यवहार करणारी तोकिए एकटीच. धक्क्यावर जाळी ठेवायची जुनी खोली होती, तिथे तिचे ऑफिस, आणि भिंतीपलीकडे बोटीच्या तिकिटांची खिडकी, त्या खिडकीत तिचा नवरा इवाओ. गिऱ्हाईक बोटीतून उतरले की तोकिए खुर्चीतून उठायची. तेच गिऱ्हाईक तासाभराने इवाओच्या खिडकीशी जाऊन "लवकरात लवकरची बोट कोणती?" असे विचारू लागले, की सौदा फिसकटला हे तिला भिंतीतून कळायचे.

बेट सोडून गेलेल्यांचा तिला राग होता, कारण ते घरे विकत नव्हते. बेटावर येणाऱ्यांचा राग होता, कारण ते घरे घेत नव्हते. त्यांना शांतता हवी असायची, पण कोंबडा किती वाजता आरवतो ते आधी विचारायचे. आणि जे बेटावरच राहिले होते त्यांचा राग निराळा. ते मरायचे, आणि आणखी एक घर रिकामे करून तिच्या गळ्यात घालायचे.

खरे तर तोकिएला स्वतःलाच बेट सोडायचे होते. हे फक्त इवाओला ठाऊक होते, आणि सेंबेच्या, म्हणजे तांदळाच्या खारट बिस्किटांच्या, पत्र्याच्या डब्याला, ज्यात तिने जाहिरातीचा रंगीत कागद घडी घालून ठेवला होता. समोरच्या किनाऱ्यावरच्या शहरात, सातव्या मजल्यावर, दोन खोल्यांचा फ्लॅट. खाली दुकान, समोर दवाखाना, आणि लिफ्ट. धक्क्यापासून तिच्या घरापर्यंत त्र्याण्णव पायऱ्या होत्या. छपन्न वर्षांच्या गुडघ्यांनी त्या रोज चार वेळा मोजायच्या, वर त्याच पायऱ्या गिऱ्हाइकाला "निसर्गरम्य वाट" म्हणून दाखवायच्या. बिल्डरने फ्लॅट सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवायचे कबूल केले होते. त्याआधी तिचे स्वतःचे घर विकले गेले तर सातवा मजला, नाहीतर मरेपर्यंत त्र्याण्णव पायऱ्या.

तिने इवाओला सांगितले तेव्हा तो मासा साफ करत होता. "हं," तो म्हणाला. इवाओचा 'हं' म्हणजे होकार, असे तोकिएने तेहेतीस वर्षांपूर्वी ठरवून टाकले होते आणि पुन्हा कधी तपासून पाहिले नव्हते.

पण हे सगळे पुढचे. देवघरांची भानगड त्याच्या दीड वर्ष आधी सुरू झाली, ती याच तोक्योच्या बाईपासून. बाई गेली त्याच संध्याकाळी तोकिएने ओसाकाला फोन लावला.

"उचिउमी-सान, तेवढं देवघर घेऊन जा हो. मीठघर आठ दिवसांत विकून दाखवते." बेटावर निम्म्या लोकांचे आडनाव उचिउमीच, त्यामुळे घरे आपापल्या नावांनीच ओळखली जात. उचिउमींचे घर मीठघर, शेजारचे विहिरीवरचे, त्यावरचे तेलघाणे.

"न्यायचंच आहे हो," उचिउमी म्हणाला. "पण इथं जागा कुठाय? बायको म्हणते, टीव्ही काढून तिथं ठेवायचं का?"

"मग पुरोहितबुवांना सांगून आत्मा काढून घ्या. अर्धा तास मंत्र म्हणतील, पुढं ते नुसतं लाकूड."

अर्ध्या तासाचेच काम होते, हे खरे. पण त्यासाठी बुवांना घरच्यांनी सांगावे लागे, आणि आजोबांचे कपाट करून टाकणारा तो मी, असा शिक्का कोणालाच आपल्या कपाळी नको होता.

"धाकटा म्हणतो, थोरल्यानं ठरवावं," उचिउमी म्हणाला. "मी म्हणतो, सगळ्यांनी मिळून ठरवू. बहिणीला आम्ही विचारलंच नाही, म्हणून ती बोलत नाही."

तोकिएने डोळे मिटले. माणसे सोन्याच्या वर्खावरची धूळ पुसायला येत नाहीत आणि सोडतही नाहीत. तिला त्या क्षणी जे सुचले ते तिने सरळ बोलून टाकले.

"हे बघा, तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. बेटावरच्या पितरांना लिफ्टमधून नेऊच नये. जन्मभर पायाखाली जमीन आणि नाकात खारा वारा. त्यांना लिफ्टमध्ये चक्कर येते. मग घरात भांडी पडतात, पोटं बिघडतात, कुणाचं कशात मन लागत नाही."

"काय सांगता!"

"तुमचा मजला कितवा?"

"नववा."

"बघा. त्यापेक्षा मी ठेवते माझ्याकडे. सकाळी भात, पाणी सगळं करीन. माझ्या सासूबाई आहेतच तिथं, त्यांनाही सोबत होईल."

पलीकडून असा सुटकेचा निःश्वास आला की तोकिएने फोन कानापासून जरा लांब धरला. "तोकिए-सान, उपकार झाले," उचिउमी म्हणाला. आणि मग, अगदी संकोचाने, "बाबांना चहा जरा कडक लागायचा."

दुसऱ्या दिवशी म्हातारे उचिउमी त्र्याण्णव पायऱ्या चढून आले नाहीत. ते संत्र्यांच्या बागेत करंड्या वर न्यायला एकाच रुळावर चालणारी जी छोटी गाडी असते तिच्यात बसून, रिकाम्या करंड्यांच्या मधोमध, फटफट करत डोंगर चढून आले. इवाओने देवघराला दोर बांधला होता आणि तो बाजूने हात धरून चालत होता, जणू म्हाताऱ्याला खरेच चक्कर येईल.

मीठघर आठव्या दिवशी एका कुंभाराने घेतले. त्याने उचिउमींच्या निजायच्या खोलीची जमीन उखडली आणि तिथे चाक बसवले. दहाव्या दिवशी विहिरीवरच्यांच्या सुनेचा नागोयाहून फोन आला. "तोकिए-सान, ऐकलं ते खरं का? लिफ्टचं?" कुणाला बोलू नका म्हणून सांगितलेली गोष्ट जेवढ्या लांब जायला हवी तेवढी गेली होती.

दीड वर्षात सात घरे विकली गेली. वीस वर्षांत झाले नव्हते ते झाले. आणि तोकिएच्या समोरच्या खोलीत, जिच्या ओसरीवरून समुद्र दिसतो त्या खोलीत, सासूबाईंचे धरून आठ देवघरे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रोज सकाळी इवाओ आठ चिमुकल्या वाडग्यांत वाफाळता भात ठेवायचा. मीठघरच्यांना कडक चहा. तेलघाण्याच्या आजीला गोड लागायचे म्हणून उडदासारख्या लाल डाळीच्या सारणाची एक वडी. तोकिए पाणी बदलायची आणि बदलताना मनातल्या मनात एकेकाचा हिशेब चुकता करायची. विहिरीवरच्यांनी जिवंतपणी दारात आलेल्याला कधी पाणी विचारले नव्हते, आता मेल्यावर मात्र यांना रोज ताजे हवे.

शेजारची उमे आजी, वय अठ्ठ्याऐंशी, सकाळी सहाला न विचारता आत यायची.

"किती सोयीचं झालं गं तोकिए," ती मांडी घालून बसत म्हणायची. "पूर्वी सगळ्यांना भेटायचं तर सात घरं हिंडा. आता बसल्या जागी भेटतात. गुडघ्यांना बरं."

"माझ्या गुडघ्यांचं काय?"

"तू तरणी आहेस." मग ती विहिरीवरच्या म्हातारीच्या फोटोकडे वळायची. "हिनं माझी कढई नेली होती. परत न करताच गेली. चेहरा बघ, अजून आठवत नाही असं दाखवतेय." आणि तेलघाण्याच्या आजीची वडी उचलून तोंडात टाकायची. "तिची खाऊन झाली असेल."

मे महिन्यात फोन आला तो कुसाका नावाच्या जोडप्याचा. तोकिएने स्वतःच्या घराचा, ओसरीवरून काढलेला समुद्राचा फोटो नेटवर टाकला होता. फोटो काढताना ती खोलीकडे पाठ करून उभी राहिली होती हे सांगायला नको.

"आम्हाला अगदी असंच घर हवंय," कुसाकाबाई म्हणाल्या. "अव्वाच्या सव्वा भाव नको आणि घासाघीसही नको. फक्त यायला सुट्टी ओबोनलाच मिळते. चौदा ऑगस्टला आलो तर चालेल?"

"चालेल, चालेल!" तोकिए म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आले की चौदा ऑगस्ट म्हणजे ओबोनच्या, पितर घरी मुक्कामाला येतात त्या चार दिवसांतला दुसरा. म्हणजे त्याआधी खोली रिकामी व्हायला हवी.

तिने ओसाकाला फोन लावला. "उचिउमी-सान, वडिलांना आता घेऊन जा."

"अहो, नेलं असतं. पण लिफ्ट आहे ना."

"जिन्यानं न्या."

"नऊ मजले? त्यांच्या वयाला?"

नागोयाची सून म्हणाली, "आमच्यात आता कुठं पोटं बरी झालीत. परत कशाला?" तेलघाण्याच्या दंतवैद्य मुलाने तर तिलाच समजावले, "तोकिए-सान, त्यांना खारा वारा लागतो. तुम्हाला नाही का माहीत?" सात फोन झाले. सातही जणांनी तिचेच वाक्य तिला परत दिले, आणि शिवाय आवाजात असा सूर, की या बाईला आता म्हाताऱ्यांचा कंटाळा आलेला दिसतो.

मग ती शेजारच्या बेटावर पुरोहितबुवांकडे गेली. बुवा गोल पोटाचे, मंत्र भरभर म्हणणारे, चार बेटांचा कारभार एका छोट्या बोटीवर चालवणारे.

"आत्मा काढतो की," ते म्हणाले. "घरच्यांनी सांगू दे."

"घरचे सांगत नाहीत ना!"

"मग कसा काढू? बरं, दीड वर्ष भात कोण ठेवतंय?"

"आम्ही."

"पाणी?"

"मीच."

"मग घरचे कोण?" बुवांनी वही ओढली, पेनाचे टोपण काढले. "तुम्ही सांगितलं तरी चालेल. म्हणा, या सात घरांच्या गेलेल्यांची आजपासून मी कोणी नाही. मी लिहून घेतो. खाली सही करा."

तोकिएने पेन हातात घेतला. उमे आजीची कढई, कडक चहा, तेलघाण्याच्या आजीची वडी, असले काहीतरी फालतू तिच्या डोळ्यांसमोर येत राहिले.

"आज दिवस बरा नाही," ती म्हणाली. "नंतर बघू."

"सगळे असंच म्हणतात," बुवा टोपण लावत म्हणाले. परतीच्या बोटीत ती बुवांना, त्यांच्या पोटाला आणि त्यांच्या पेनाला शिव्या देत बसली.

दरम्यान इवाओने पोस्टातून उन्हाळ्याची खुशाली कळवायच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला होता आणि दोन बोटींच्या मधल्या वेळात तो खिडकीत वाकून काहीतरी लिहीत असायचा.

"एवढी कुणाची आठवण येतेय?" तोकिएने विचारले.

"हं," इवाओ म्हणाला.

तेरा ऑगस्टला दारात पितरांना वाट दाखवायची आग पेटवायची वेळ आली. उमे आजी देखरेखीला हजर होती. "नाव घेऊन घेऊन पेटव गं. आठ घरांची माणसं एका दारात यायची, आत शिरताना चेंगराचेंगरी नको." तोकिएने आठ वेळा आग पेटवली. आता सगळे घरात आले होते. आता सोळा तारखेपर्यंत देवघरे हलवायची सोय नव्हती. पाहुणा जेवायला बसल्यावर त्याच्या खालचा पाट ओढण्यासारखेच ते.

"ठीक आहे," ती इवाओला म्हणाली. "सरकती दारं लावू, पुढं कपड्यांची पेटी ठेवू. म्हणायचं, खोलीला ओल आलीय, दुरुस्ती चाललीय. बाकी घर दाखवू. ओसरीवर मागच्या बाजूनं नेऊ. कळलं?"

"हं."

चौदा तारखेला दहा चाळीसची बोट दिसली तेव्हाच तोकिएला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. एरवी या बोटीतून आठ-नऊ माणसे उतरतात. आज बोट एका अंगाला कलली होती. फळी पडली आणि आधी उतरले एक कलिंगड, त्यामागे ते पोटाशी धरलेला उचिउमी. मग त्याची बायको, धाकटा भाऊ, मग चार पावले अंतर ठेवून न बोलणारी बहीण. मग नागोयाची सून, दंतवैद्य, त्यांचे जावई, लेकुरवाळ्या मुली, काठ्या, पिशव्या, पंखे. एकूण चौतीस माणसे. आणि त्यांच्या मधोमध, चेंगरून लाल झालेले, गळ्यात कॅमेरा अडकवलेले कुसाका पतिपत्नी. इवाओ फळीपाशी उभा राहून तिकिटे घेत होता आणि प्रत्येकाला घराच्या नावाने हाक मारून वाकून नमस्कार करत होता.

"तोकिए-सान!" उचिउमी ओरडला.

"तुम्ही? दहा वर्षांत कधी फिरकला नाहीत!"

"पूर्वी यायचं म्हणजे गवत काढा, छप्पर बघा, उंदीर हाकला. आता कसं, आलं, डोकं टेकवलं, झालं! शिवाय इतकं प्रेमाचं पत्र आल्यावर राहवतंय होय?"

"कुणाचं पत्र?"

त्याने खिशातून पोस्टकार्ड काढले. अक्षर इवाओचे होते. 'आपले वडील मजेत आहेत. चहा कडकच देतो. चौदा तारखेला दहा चाळीसच्या बोटीत भरपूर जागा आहे.' शेवटचे वाक्य तेवढे खोटे होते. तोकिएने वळून नवऱ्याकडे पाहिले. इवाओ फळी उचलण्यात गढून गेला होता.

पायऱ्या चढताना तिने कुसाकांना गाठले. "आज जरा गर्दी आहे. सणाचं."

"किती छान," धापा टाकत कुसाका म्हणाला. "हे सगळे तुमच्या घरचे?"

"छे! एकही नाही."

त्या वेळेपर्यंत धाकट्या उचिउमीने कपड्यांची पेटी बाजूला सारली होती. "ही वाटेत कुणी ठेवली?" असे म्हणत त्याने सरकती दारे दोन्हीकडे ढकलली, आणि आठ देवघरे, एकोणपन्नास पाट्या आणि भिंतभर फोटो ऊन खात उघडे पडले. कुसाकाबाईंच्या हातात कोणीतरी पंखा दिला, दुसऱ्या कोणीतरी कुणाचे तरी बाळ दिले. सगळ्यांनी आपापल्या शहराची खासियत म्हणून तीच पिवळी मिठाई आणली होती. अकरा खोके. उमे आजी एकेक उघडून खात्री करून घेत होती.

"इथं राहतं कोण?" कुसाकाने बाजूच्या माणसाला विचारले.

"आमचे वडील," उचिउमी म्हणाला.

"आणि या बाई?"

"त्या बघतात त्यांचं."

तोकिए तिथेच, तिच्याच घरात, तिच्याच चटईवर उभी होती. तिने दात ओठ खाल्ले आणि धंद्याचे हसू चेहऱ्यावर आणले. "कुसाका-सान, या, स्वयंपाकघर बघून घ्या. पूर्वेचं ऊन येतं. घर रिकामं केलं की—"

"रिकामं?" न बोलणारी बहीण बोलली. "कोणतं घर रिकामं?"

"हे. मी विकतेय."

खोलीतले पंखे थांबले.

"विकताय?" उचिउमी कलिंगड खाली ठेवत म्हणाला. "आमच्या वडिलांना विचारलं का?"

"पितर मुक्कामाला आलेत आणि घराचा सौदा?" नागोयाची सून.

"असं कुणी करतं का हो?" दंतवैद्य. "पितरांचं घर विकायला काही वाटायला नको?"

तोकिएच्या चेहऱ्यावरचे धंद्याचे हसू पडले ते चटईवर, आणि पुन्हा उचलायला ती वाकली नाही.

"वाटायला? मला? उचिउमी-सान, तुमच्या वडिलांच्या अंथरुणाच्या जागी चाक फिरतंय, त्यावर वाडगी होतात! आणि तुम्ही नागोयावाल्या, सही करायला तुम्हाला बोटीतून खाली उतरवेना, मी कागद घेऊन बोटीत आले, भोंगा वाजत होता, आठवतंय? डॉक्टर, तुमच्या आईला गोड लागतं हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का? मला इवाओनं सांगितलं! सात घरं विकलीत सात घरच्यांनी, आणि वाटायला मला हवं? मला गुडघे आहेत! त्र्याण्णव पायऱ्या आहेत! मलाही लिफ्ट हवी!"

"पण लिफ्टमध्ये त्यांना चक्कर—" धाकटा उचिउमी बोलायला लागला.

"ते मी मनानं बनवून सांगितलं होतं!"

तोकिएला वाटले, आता तरी यांच्या माना खाली जातील, एकेक जण उठेल आणि आपापले म्हातारे पाठीवर घेईल.

"असं बोलू नका, तोकिए-सान," उचिउमी शांतपणे, समजूत घालत म्हणाला. "तुम्ही थकलात. आमच्याकडे तेव्हापासून एकदाही भांडं पडलेलं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात पुरोहितबुवा घाम पुसत आले आणि थेट पहिल्या देवघरासमोर बसून सुरू झाले. कितीही भरभर म्हटले तरी आठ देवघरांना दीड तास लागला. बुवांच्या पाठीमागे छत्तीस माणसे पाय बधिर होईपर्यंत बसली, त्यात कुसाका पतिपत्नीही. स्वयंपाकघरात इवाओने लग्नाकार्याच्या पातेल्यात शेवया उकळून गार पाण्यात सोडल्या.

शेवया खाताना कुसाकाबाई तोकिएच्या जवळ सरकल्या. बाळ अजून त्यांच्याच मांडीवर होते, कोणी मागायला आले नव्हते.

"हे घर आम्हाला नको," त्या हळूच म्हणाल्या.

"माहितेय," तोकिए म्हणाली. "दीडची गेली. चारची बोट आहे. खिडकीत तिकीट मिळेल."

"तसं नाही. आमच्या सासऱ्यांचं गावचं घर आम्ही विकलं. त्यांची पाटी... चपलांच्या कपाटात आहे. वरच्या फळीवर. अकरावा मजला, जागाच नाही हो. दार उघडलं की दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"लिफ्टनं नेलं होतंत का?" उमे आजीने मागून विचारले.

"हो."

"तरीच."

कुसाकाबाईंनी डोळे पुसले. "इथं जवळपास एखादं लहानसं असेल तर. म्हणजे त्यांना तुमच्याकडे ठेवता येईल, आणि ओबोनला आम्हालाही यायला कुठंतरी होईल."

शेजारी एक बसके घर होते. सहा वर्षे तोकिएने त्याला 'खास समुद्री झुळूक' आणि 'जुन्या वळणाचा बाज' अशी विशेषणे लावून पाहिली होती. आज तिच्याजवळ एकही विशेषण उरले नव्हते.

"छप्पर गळतं," ती म्हणाली. "मागच्या खांबाला वाळवी आहे. कोंबडा चारला आरवतो. आणि सकाळी ही म्हातारी न विचारता आत येईल."

"चालेल," कुसाका म्हणाला.

वीस वर्षांत पहिल्यांदा खरे बोलून केलेला सौदा, आणि तो पाच मिनिटांत झाला. तोकिएला त्या दोघांची कीव आली. इतकी भोळी माणसे जगात कशी टिकतात कोण जाणे.

चारच्या बोटीने सगळे गेले. "पुढच्या वर्षी दोन दिवस राहायलाच येतो!" असे उचिउमी बोटीतून ओरडून सांगत होता, आणि न बोलणारी बहीण त्याच्या शेजारी उभी राहून हात हलवत होती. तोकिए वर आली. इवाओ ओसरीवर बसून पातेले घासत होता.

"तू पत्रं का लिहिलीस?"

इवाओ घासत राहिला.

"तुला फ्लॅटचं सांगितलं तेव्हा तू 'हं' म्हणालास."

"म्हटलं ना. म्हणजे ऐकलं."

"ऐकलं? म्हणजे हो नाही?"

"हो कधी म्हटलं मी?"

"आणि लग्नाच्या वेळी?"

इवाओने पातेले पालथे घातले. "तेव्हा 'हो' म्हणालो होतो. चांगलं मोठ्यांदा. तुझंच लक्ष नव्हतं. तू आमच्या छपराकडे बघत होतीस, किती वर्षं टिकेल म्हणून."

तोकिएने वर पाहिले. छप्पर अजून टिकले होते, हे तिला नाइलाजाने कबूल करावे लागले असते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसातून एका पोऱ्याचा फोन आला. आवाज गोड, शब्द पाठ केलेले. तोकिए तेव्हा पाणी बदलत होती. नवव्या देवघराचे. कुसाकाबाईंचे सासरे अजून नवखे होते, फोटोत अवघडल्यासारखे बसले होते. त्यांना आंबट लागायचे, असे सुनेने लिहून पाठवले होते.

"मॅडम, सातव्या मजल्यासाठी दुसरं गिऱ्हाईक रांगेत उभं आहे," पोऱ्या म्हणाला. "पण आम्ही आधी तुम्हालाच विचारतोय."

तोकिएने तुच्छतेने ओठ मुरडले. रांगेतले गिऱ्हाईक! ही थाप तिने पंधरा वर्षांपूर्वी वापरायची सोडली होती. "नको," ती म्हणाली.

"अहो, का पण? समुद्र तिथूनही दिसतो. दवाखाना समोर आहे. आणि लिफ्ट अगदी नवी बसवलीय, आवाज नाही, धक्का नाही..."

समोर नऊ वाडग्यांतून वाफ निघत होती. मीठघरच्यांचा चहा इवाओने आज जरा पातळच केला होता. उमे आजी तेलघाण्याच्या वडीकडे हात नेत होती. तोकिएने फोन कान आणि खांद्यात धरला आणि तिच्या हातावर फटका मारला.

"तेच ना," ती पोऱ्याला म्हणाली. "आमच्याकडे लिफ्टमध्ये चक्कर येते."

"कुणाला?"

तिने भिंतीला लागून उभ्या असलेल्या ओळीकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतले.

"सगळ्यांनाच," ती म्हणाली, आणि फोन ठेवून चहा परत उकळायला घेऊन गेली.